मुंबईचा दाखला आणि दिल्लीचा दाखला



परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपल्याला तथागतांच्या धम्माची दीक्षा दिली, हे आपल्या घरातल्या शाळकरी लेकरालाही ठाऊक आहे. पण त्या दिवशी आपला जिल्हा कोणत्या राज्यात होता असे विचारले, तर भली भली माणसे थबकतात. त्या दिवशी उस्मानाबाद जिल्हा, म्हणजे आजचा धाराशिव, हैदराबाद राज्यात होता. आणि नागपूर होते मध्य प्रदेशात! म्हणजे इथून जी माणसं भाकरी बांधून दीक्षेला गेली ती एका राज्यातून निघाली, दुसऱ्या राज्यात बौद्ध झाली, आणि परत येऊन पंधरा-सतरा दिवस होतात न होतात तोच, १ नोव्हेंबर १९५६ ला, तिसऱ्याच राज्यात गेली. ते राज्य द्वैभाषिक मुंबई. पुढे १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. माणसानं धर्म एकदा बदलला, त्याच्यावरचं राज्य दोनदा बदललं.

ही केवळ गंमत म्हणून आम्ही सांगत नाही. आपल्या मुलाबाळांना काय मिळाले आणि काय नाकारले गेले, याचा सारा हिशेब कोणते सरकार काय करू शकते यावर अवलंबून होता. आपली जुनी माणसे 'सरकार' हा एकच शब्द वापरत. सरकारनं सवलत दिली, सरकारनंच नाही म्हटलं, असं कसं? असा त्यांचा प्रश्न असे. उत्तर असे की सरकारे दोन होती. एकाने दिले, दुसऱ्याने नाही म्हटले. गावकीचा प्रश्न भावकीत सुटत नाही आणि भावकीचा गावकीत सुटत नाही, हे खेड्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. राज्यघटनेतही तसेच आहे. सातव्या अनुसूचीत केंद्राची यादी वेगळी, राज्याची वेगळी आणि दोघांची मिळून एक समवर्ती यादी. पण आपला प्रश्न या तिन्ही याद्यांच्या बाहेर, एका स्वतंत्र कलमात अडकला होता. ते कलम म्हणजे ३४१.

कलम ३४१ काय सांगते? कोणत्या राज्यात कोणत्या जाती 'अनुसूचित' मानायच्या, ते राष्ट्रपती त्या राज्याच्या राज्यपालांशी विचारविनिमय करून जाहीर करतील. एकदा जाहीर झाले की त्यात जात घालायची किंवा काढायची असेल तर ते फक्त संसद कायदा करून करील. राज्यपालांचा विचार घेतला जाईल, पण राज्याच्या मंत्रिमंडळाला वा विधानसभेला तिथे हात लावता येत नाही. या कलमाखाली १० ऑगस्ट १९५० रोजी राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींबाबतचा आदेश निघाला. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदात एक वाक्य होते: हिंदू धर्माहून वेगळा धर्म मानणाऱ्या व्यक्तीला अनुसूचित जातीची समजले जाणार नाही. पंजाबातल्या काही शीख जातींपुरता अपवाद तेव्हाच ठेवला होता. मग १९५६ साली संसदेने कायदा करून सगळ्याच राज्यांतल्या शिखांना तो लागू केला. साल लक्षात घ्या. ज्या वर्षी संसदेने शीख बांधवांसाठी दार उघडले, त्याच वर्षी आपण बौद्ध झालो, आणि दार आपल्यासाठी बंदच राहिले.

बाबासाहेबांना हे ठाऊक नव्हते काय? पूर्ण ठाऊक होते. १५ ऑक्टोबरच्या नागपूरच्या भाषणात त्यांनी हा प्रश्न स्वतःच काढला. धर्मांतर केल्यावर हक्कांचे काय, या शंकेला त्यांनी उत्तर दिले की ज्याने ते हक्क मिळवून दिले त्याला ते पुन्हा मिळवता येतील. पण त्यानंतर दोनच महिन्यांनी, ६ डिसेंबरला, त्यांचे महापरिनिर्वाण झाले. हक्क परत मिळवायचे काम मागे राहिलेल्यांवर आले.

आता मुंबईची बाजू पाहू. महाराष्ट्र राज्य झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने धर्मांतरित बौद्धांना राज्याच्या सवलती लागू केल्या. शिक्षणातल्या सवलती, वसतिगृहे, राज्याच्या नोकऱ्यांतल्या राखीव जागा. सरकारी कागदावर 'अनुसूचित जाती व नवबौद्ध' अशी जोडी तयार झाली, ती आजही योजनांच्या नावांत दिसते. (नवबौद्ध हा शब्द सरकारी कागदाचा. आपण बौद्ध. पण कागदावर जे नाव असेल तेच लेकरांच्या फीच्या कामी येते, म्हणून आपल्या लोकांनी तो शब्द सोसला.) राज्याला हे करता आले ते घटनेच्या कलम १५(४) आणि १६(४) मुळे. सामाजिक व शैक्षणिक दृष्ट्या मागासलेल्या वर्गासाठी खास तरतूद करायची मुभा ही कलमे राज्याला देतात, आणि मागासलेला वर्ग ठरवायला राष्ट्रपतींची यादी लागत नाही. यातले १५(४) हे कलम १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने आले, आणि त्या वेळी कायदामंत्री होते स्वतः बाबासाहेब. म्हणजे आमच्या पिढीच्या हातात वसतिगृहाच्या प्रवेशाचे जे पत्र पडले, त्याच्या मुळाशीही तेच होते.

या मुंबईच्या दाखल्यावर आपल्या जिल्ह्यातली मुलं औरंगाबादला मिलिंद महाविद्यालयात गेली, शिक्षक झाली, तलाठी झाली, ग्रामसेवक झाली. त्याबद्दल कृतज्ञता आहेच. ती नाकारणे खोटेपणाचे होईल.

पण हा दाखला महाराष्ट्राच्या हद्दीत आणि राज्याच्या खात्यांतच चाले. रेल्वे, टपाल, बँक, केंद्राचा कारखाना, लष्कराची मुलकी नोकरी, अशा ठिकाणी अर्ज केला की प्रश्न येई: धर्म कोणता? 'बौद्ध' लिहिले की तुम्ही खुल्या वर्गात. 'हिंदू महार' लिहिले की राखीव जागा. आमच्या आधीच्या पिढीतली माणसे सांगतात की घरात बुद्धवंदना, भिंतीवर बाबासाहेब, आणि ट्रंकेच्या तळाशी 'हिंदू' लिहिलेला एक दाखला, असे कैक घरांत चालले. काही जणांनी असा दाखला काढायला साफ नकार दिला आणि केंद्राची नोकरी सोडून दिली. त्यांचा अभिमान वाटतोच. पण ज्यांनी काढला त्यांना नावे ठेवायला आम्ही धजत नाही. चार लेकरांच्या बापाला धर्म आणि पगार यांतले एक निवडायला लावणारा कायदा दोषी, की तो बाप?

नोकरीपेक्षाही मोठी गोष्ट राखीव मतदारसंघांची. लोकसभा आणि विधानसभेच्या राखीव जागा कलम ३३० व ३३२ प्रमाणे असतात, आणि तिथे राष्ट्रपतींच्या यादीशिवाय दुसरे काहीच चालत नाही. १९६२ च्या विधानसभा निवडणुकीत नागपूरच्या एका राखीव जागेवर डॉ. डी. पी. मेश्राम निवडून आले. त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला आहे, तेव्हा ते अनुसूचित जातीचे राहिले नाहीत, असा वाद विरुद्ध बाजूने घातला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. न्यायालयाने १९६४ साली निकाल दिला तो असा की, धर्म 'मानणे' म्हणजे तो उघडपणे जाहीर करणे. मेश्रामांनी तसे जाहीरपणे केले होते, म्हणून निवड रद्द. धम्म मनात ठेवला असता तर जागा राहिली असती, चारचौघांत सांगितला म्हणून गेली!

हे आपल्या जिल्ह्याला लावून पाहा. उस्मानाबाद लोकसभा मतदारसंघ १९७७ पासून २००४ च्या निवडणुकीपर्यंत अनुसूचित जातींसाठी राखीव होता. यातल्या १९७७, १९८०, १९८४ आणि १९८९ या चार निवडणुकांत, ज्याने कागदोपत्री बौद्ध म्हणून नोंद केली त्याला त्या राखीव जागेवर उभे राहण्याचा हक्कच नव्हता. मते देता येत होती, उमेदवार होता येत नव्हते. इथे मुंबईच्या सरकारने कितीही मनावर घेतले असते तरी उपयोग नव्हता. राज्याला कायद्याचा सल्ला देणारा अधिकारी म्हणजे महाधिवक्ता (घटनेचे कलम १६५), आणि केंद्राला सल्ला देणारा महान्यायवादी (कलम ७६). महाधिवक्त्याला विचारले असते तरी कलम ३४१ उघडून त्याने हेच सांगितले असते: साहेब, हे आपल्या हातात नाही.

जनगणनेतही आपण असेच दोन्हीकडून गहाळ झालो. १९५१ साली महाराष्ट्राच्या आजच्या भूमीवर बौद्ध होते जेमतेम अडीच हजार. १९६१ साली झाले २७ लाख ८९ हजारांवर. तेवढीच माणसे अनुसूचित जातींच्या रकान्यातून वजा झाली, आणि १९६१ ला राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण साडेपाच टक्क्यांच्या आसपास आले. राखीव मतदारसंघ लोकसंख्येवर ठरतात. रकाना लहान झाला की जागाही कमी. म्हणजे नुकसान एकट्या बौद्धांचे झाले नाही, जे हिंदू म्हणून राहिले त्या चांभार, मातंग, ढोर बांधवांच्या वाट्याच्या जागाही घटल्या. ही गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, पण खरी आहे.

मग लढा कुठे चालला? रिपब्लिकन पक्षाने १९६४ साली पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्यापुढे मागण्यांची सनद ठेवली आणि त्याच वर्षी ६ डिसेंबरपासून देशभर सत्याग्रह केला. त्या सनदेत भूमिहीनांना जमीन होती, संसदेत बाबासाहेबांचे तैलचित्र लावण्याची मागणी होती, आणि बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती द्या हीही मागणी होती. हजारो माणसे तुरुंगात गेली. दिल्लीने ऐकून घेतले आणि कागद बाजूला ठेवला.

इथे आमच्या मनातली एक गोष्ट स्पष्टच लिहितो. 'अधिकार नाही' आणि 'इच्छा नाही' ही दोन वेगळी दुखणी आहेत, आणि आपल्या समाजाने दोन्ही सोसली. मराठवाडा विद्यापीठाचे उदाहरण घ्या. विद्यापीठाला नाव देणे हा राज्याचा विषय, दिल्लीला विचारायची गरज नव्हती. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने ठरावही केला. त्यानंतर मराठवाड्यात आपल्या वस्त्यांवर काय गुदरले ते इथल्या घराघरांत माहीत आहे. अधिकार पूर्ण मुंबईचा असूनही नाव लागायला १४ जानेवारी १९९४ उजाडले. साडेपंधरा वर्षे! सवलतींच्या बाबतीत मात्र मुंबईची इच्छा होती आणि अधिकार नव्हता. दिल्लीला अधिकार होता आणि इच्छा नव्हती. पुढाऱ्यांच्या भाषणांत ही दोन दुखणी एकमेकांत मिसळतात. ऐकणाऱ्याला वाटते, सगळेच सारखे.

अखेर १९९० साल आले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीचे ते वर्ष. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार होते आणि कल्याण खाते रामविलास पासवान यांच्याकडे होते. बाबासाहेबांना भारतरत्न दिले गेले, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात तैलचित्र लागले, आणि जून १९९० मध्ये १९५० च्या त्या आदेशात दुरुस्ती करणारा कायदा झाला. १९६४ च्या सनदेतल्या दोन मागण्या एकाच वर्षात पुऱ्या झाल्या. दुरुस्ती केवढी? 'हिंदू किंवा शीख' असे होते तिथे 'हिंदू, शीख किंवा बौद्ध' झाले. एक शब्द! त्यासाठी घटनादुरुस्ती लागली नाही, दोनतृतीयांश मते लागली नाहीत, साधा बहुमताचा कायदा पुरला. तो शब्द लिहायला साडेतेहेतीस वर्षे लागली.

या एका शब्दाने काय झाले ते पाहा. अत्याचार प्रतिबंधक कायदा ३० जानेवारी १९९० पासून अमलात आला होता. त्यातही अनुसूचित जात म्हणजे राष्ट्रपतींच्या यादीतलीच. त्यामुळे पहिले चार महिने बौद्ध माणूस त्या कायद्याच्या छत्राबाहेर होता, जूनमध्ये तो आत आला. १९८१ च्या जनगणनेत राज्यात अनुसूचित जातींचे प्रमाण ७.१ टक्के होते, ते १९९१ ला ११.१ टक्क्यांवर गेले. एवढी माणसे दहा वर्षांत जन्माला आली नव्हती. ती होतीच, कागदावर आली.

तुलना करायचा मोह होतो, म्हणून करतो. २०१८ च्या १०२ व्या घटनादुरुस्तीने मागासवर्गांच्या यादीसाठी कलम ३४२-अ आले, बरेचसे ३४१ च्याच धर्तीवर. यामुळे राज्यांचा मागासवर्ग ठरवण्याचा अधिकार गेला की राहिला, हा प्रश्न मराठा आरक्षणाच्या खटल्यात निघाला. महान्यायवादी के. के. वेणुगोपाल यांनी सर्वोच्च न्यायालयात सांगितले की राज्यांचा अधिकार शाबूत आहे. ५ मे २०२१ ला पाचपैकी तीन न्यायमूर्तींनी ते मानले नाही. केंद्राच्या सर्वांत मोठ्या कायदेपंडिताचे मतही न्यायालयाला बांधील नसते, हे यावरून कळावे. पण पुढे काय झाले? त्याच ऑगस्टमध्ये संसदेने १०५ वी घटनादुरुस्ती करून राज्यांचा अधिकार परत दिला. तीन महिने लागले. कुणाच्या ताटातले काढा असे आम्ही म्हणत नाही. मनात आणले तर दिल्ली किती चपळ असते, एवढेच दाखवले.

आता आजच्या कामाचे. विहारात कागदपत्रे घेऊन येणाऱ्या मुला-मुलींना काही गोष्टी समजत नाहीत.

पहिली: बौद्ध आहे एवढ्यावर अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. यादीतली जात दाखवावी लागते. महाराष्ट्राच्या यादीत ३७ व्या क्रमांकावर महार, मेहरा, तराळ, धेगू मेगू अशी नोंद आहे. जात सोडण्यासाठी बौद्ध झालो आणि दाखल्यावर ती लिहायची, हे कित्येकांना बोचते. आम्हालाही बोचते. पण दाखल्यावरची ती नोंद आपली ओळख नव्हे, आपल्यावर झालेल्या अन्यायाचा तो पुरावा आहे, असे आम्ही मानतो.

दुसरी: पुरावा १० ऑगस्ट १९५० च्या आधीच्या रहिवासाचा मागतात. तेव्हा आपला जिल्हा हैदराबाद राज्यात, म्हणून जुनी दप्तरे पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत. आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा, जमिनीचा जुना कागद, जे असेल ते वाळवीच्या तोंडी जाऊ देऊ नका. पडताळणी समितीपुढे जीर्ण चिठोरं कामी येतं, तोंडी साक्ष तेवढी येत नाही.

तिसरी गोष्ट सीमेवरच्यांची. उमरगा, तुळजापूर भागात पलीकडच्या बीदर, कलबुर्गीकडच्या कितीतरी सुना आहेत. सर्वोच्च न्यायालयाने १९९० पासून सांगितले आहे की एका राज्यातली अनुसूचित जात दुसऱ्या राज्यात आपोआप लागू होत नाही. ज्या सुनेचे माहेर कर्नाटकात, तिचा दाखला कर्नाटकाचा. केंद्राच्या नोकरीला तो चालतो, महाराष्ट्राच्या राखीव जागेला नाही. नवऱ्याच्या जातीवर तिला दाखला मिळत नाही, उगाच खेटे घालू नयेत.

आणि यादी वाढवायचा शब्द राज्याचा कोणी पुढारी देत असेल, तर २००० सालचा मिलिंद खटल्याचा निकाल त्याच्यापुढे ठेवावा. हलबा-कोष्टी प्रकरणात पाच न्यायमूर्तींनी महाराष्ट्र शासनालाच सांगितले होते की परिपत्रक काढून राष्ट्रपतींच्या यादीचा अर्थ पातळ करता येणार नाही.

मात्र १ ऑगस्ट २०२४ ला सात न्यायमूर्तींच्या पीठाने, सहा विरुद्ध एक मताने, नवी गोष्ट सांगितली. यादीत जात घालायचा-काढायचा अधिकार राज्याला नाही तो नाहीच. पण यादीतल्या जातींमध्ये उपवर्गीकरण करून कोणाला किती वाटा, हे राज्य ठरवू शकते. अट अशी की मोजून काढलेली आकडेवारी हवी, आणि सगळाच वाटा एका गटाला देता येणार नाही. निकालाशी सहमत असलेल्यांत न्यायमूर्ती भूषण गवई होते, जे पुढे २०२५ साली देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश झाले. महाराष्ट्र शासनानेही यासाठी समिती नेमली. म्हणजे आता प्रश्न दिल्लीतून मुंबईत आला आहे, आणि मुंबईतून आपल्या गल्लीत यायला वेळ लागणार नाही. मातंग बांधवांची मागणी उपवर्गीकरणाची, आपल्यातल्या बऱ्याच जणांचा विरोध. आमच्या मते ज्यांना कमी मिळाले त्यांनी मागितले तर त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही, आणि आकडे न बघता वाटणी करणाऱ्यावर गप्प बसण्यातही नाही. आपल्याच जिल्ह्यात कसबे तडवळ्याला २२ आणि २३ फेब्रुवारी १९४१ रोजी बाबासाहेब आले होते, ती परिषद महार-मांग वतनदारांची होती. दोघांची मिळून एक. हे दोन्ही वस्त्यांनी आठवावे.

आकड्यांवरून जनगणनेचे निघाले. जनगणना हा केंद्राच्या यादीतला विषय आहे, राज्याचा त्यात अधिकार नाही. २०२७ ची जनगणना होणार आणि तीत सर्वांची जातही नोंदवली जाणार, असे केंद्राने २०२५ साली जाहीर केले. गणनेला येणारा माणूस बहुधा आपल्याच शाळेतले मास्तर किंवा बाई असतील. घरात कोणीतरी जाणते माणूस हजर ठेवा. धर्म विचारला की 'बौद्ध' असे सांगायचे; हिंदू नाही आणि नवबौद्धही नाही. जात विचारली की यादीत आहे तशी. दोन्ही नोंदी एकाच माणसाच्या नावापुढे कायद्याने बसू शकतात, १९९० पासून. आणि मास्तरांनी काय लिहिले ते त्यांच्याकडून एकदा वाचून घ्या.

जयभीम! नमो बुद्धाय!